खारेपाटातील बांध फुटलेली जमीन पुन्हा पिकते का?

प्रश्न थोडक्यात असा: पेण तालुक्याच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून कसलेल्या पट्ट्यात, वडिलोपार्जित तीन एकर भातजमीन आहे. गेल्या ऑगस्टच्या उधाणात बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या मुख्य बांधाला) खांड म्हणजे भगदाड पडले, पुढच्या काही भरत्यांत खारे पाणी शेतात आले आणि भात गेले. आता ही जमीन पुन्हा पिकेल का, तिथे जिताडा माशाचा तलाव करावा का, की दारात आलेल्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळे व्हावे?

तिन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी अडते. खारेपाटात सातबारा एकट्याचा असतो, बांध एकट्याचा नसतो. तुमच्या तीन एकरांची किंमत, मग ती भातात मोजा, माशात मोजा किंवा रोख पैशात, त्या खारीच्या (एका बांधाआडच्या सगळ्या शेतांच्या) संपूर्ण बांधातली सर्वांत कच्ची जागा आणि उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराची, झडप ठरवते. म्हणून आधी खांड बुजली आहे का आणि उघाडी चालते का हे पाहा. बाकीचा हिशेब त्यानंतर.

ही जमीन मुळात आहे काय, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. अलिबाग तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात तर तीन वेगळे प्रदेश लागतात. समुद्राला लागून वाळूची पट्टी, म्हणजे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा अष्टागराचा भाग; इथे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि गोड्या विहिरी. मग कनकेश्वराकडून दक्षिणेला गेलेली डोंगराची रांग आणि तिच्या पायथ्याच्या वरकस व गोड्या जमिनी. मानांकन मिळालेला पांढरा कांदा आणि वाल याच बाजूचे. आणि डोंगराच्या पलीकडे धरमतर खाडीपर्यंत खारेपाट: पोयनाड, शहापूर, धेरंड, मानकुळे, खाडी ओलांडली की पेण, वडखळचा भाग. अंबा, पाताळगंगा, भोगावती या नद्यांनी आणलेला गाळ भरतीने परत आत ढकलला आणि शतकानुशतके साचून ही सपाट चिकणमाती तयार झाली. तिच्याभोवती माणसांनी बांध घातले, म्हणून ती शेती. शेताची पातळी उधाणाच्या भरतीच्या खाली आहे, आणि बांध नसेल त्या दिवशी ती पुन्हा खाडी आहे.

पूर्वी या बांधांची निगा शिलोत्रीदार (खारजमिनीचे जुने हक्कदार), खोत आणि कुळे यांच्या व्यवस्थेतून होई. गावकरी बांधाची लांबी वाटून घेऊन अंगमेहनतीने राखत, त्याला जोळ म्हणत. याच पट्ट्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. पुढे कुळकायदा आला, जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, आणि बांध कोणी राखायचा हा प्रश्न मोकळा पडला. १९४८ चा खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा या पोकळीत आले. परिणाम असा की आज काही खारबंदिस्त्या शासकीय आहेत, काही खाजगी. तुमचा बांध कोणत्या यादीत आहे हे पेणच्या खारभूमी विभागात लेखी विचारा. शासकीय असेल तर दुरुस्ती त्यांच्या कामात बसते, भले उशीर होवो. खाजगी असेल तर तुम्ही सगळे खातेदार मिळून जे कराल तेवढेच, किंवा ती योजना शासनाकडे वर्ग करून घेण्यासाठी ठराव, खातेदारांची संमती आणि पाठपुरावा. एकट्याच्या अर्जाला इथे वजन नसते.

आता खांडीकडे या. भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते: तिथीला पाऊणने गुणा, येईल त्या वाजता भरती. द्वादशीला बारा पाऊण नऊ, सकाळी नऊला आणि रात्री नऊच्या पुढे, अष्टमीला सहा. रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. उधाण अमावास्या-पौर्णिमेला लागते खरे, पण सर्वांत मोठे पाणी बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, द्वितीयेच्या आसपास येते. मुंबईच्या भरती तक्त्यात पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरचे आकडे दिसले की ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला हेच पाणी सव्वा-साडेतीन मीटरवर थांबते. तक्ता शांत समुद्राचा असतो. नैऋत्येचा वारा आणि नदीला आलेला पूर एकत्र आले तर प्रत्यक्ष पाणी त्याच्या वर जाते, आणि बांध नेमके त्याच दिवशी फुटतात.

खांड बुजवताना हमखास होणारी चूक म्हणजे जुन्याच रेषेत माती टाकणे. पाणी आत-बाहेर करताना खांडीच्या तोंडाशी खोल डोह खणते. तिथे टाकलेली माती पोकळीत जाते, वरून बांध उभा दिसतो आणि पुढच्या उधाणाला खचतो. डोह सोडून आतल्या बाजूने चंद्रकोरीसारखा वळणबांध घ्या. लांबी वाढते, थोडी जमीनही जाते, पण पाया घट्ट मिळतो. पायाची जागा आधी साफ करा: गवत, मुळे, जुनी तूस, सगळे काढून दीड-दोन फुटांचा चर खणा आणि तो चिकणमातीने ठोकून भरा. नवी माती जुन्या पृष्ठभागावर नुसती ओतली की त्या सांध्यातूनच पाणी झिरपायला लागते.

काम डिसेंबर ते मे. पायाचे काम उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली जाते. तोंड बंद करणे मात्र भांगाला, अष्टमी ते दशमीच्या दरम्यान. पाण्याला ओढ कमी आणि ओहोटी भर दुपारी येते, त्यामुळे उजेडात सलग पाच-सहा तास मिळतात. दोन्ही बाजूंनी सरकत या, पण तोंड अरुंद होऊ लागले की त्यातून जाणारे पाणी वेग घेते आणि तळ खरवडते. म्हणून अखेरच्या चार-पाच मीटरचा तळ आधीच मातीच्या गोण्यांनी झाकून घ्या, बांबूचे दुहेरी खुंट ठोकून मध्ये पेंढा-फांद्या भरा, आणि शेवटचा टप्पा एकाच ओहोटीत उरकायचा एवढी माणसे व गोण्या हाताशी असल्याशिवाय तोंडाला हात घालू नका. अर्धवट राहिलेले तोंड दुसऱ्या दिवशी दुप्पट झालेले असते.

बांधाचा माथा मोठ्यात मोठ्या उधाणाच्या रेषेपेक्षा किमान एक मीटर वर हवा. ती रेषा बांधावरच्या काडीकचऱ्यावरून ओळखता येते. ओली चिकणमाती वाळताना बसते, म्हणून उंची दहा ते पंधरा टक्के जास्तच धरा. खाडीकडचा उतार एकास तीन (एक फूट उंचीला तीन फूट पसरट), शेताकडचा एकास दोन. माथा दीड मीटरपेक्षा अरुंद नको. जेसीबीवाला उभा उतार काढून देतो, कारण त्यात माती आणि वेळ वाचतो. तसा बांध पहिल्या पावसात घसरतो. माती बांधाच्या बुडाशी खणून घेऊ नका. खाडीच्या बाजूने, बुडापासून आठ-दहा मीटर सोडून, तुटक खड्डे घ्या. सलग चर केला तर त्यातूनच भरतीचे पाणी धावते. तुटक खड्डे गाळाने भरून येतात. लाटांचा मारा असेल, विशेषतः जिथून बार्ज जातात तिथे, त्या बाजूला दगडाचे अस्तर लागतेच. नुसती माती टिकत नाही.

एरवी बांध फुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा खेकड्याच्या बिळाने किंवा उंदराने होते. मे अखेर आणि पावसाळ्यात दर उधाणाआधी बांधावरून चालत जा आणि शेताकडच्या बुडाशी पाहा. ओलसर डाग, त्यातून गढूळ पाणी येत असेल तर आतून माती वाहते आहे. ते बीळ खणून काढून चिकणमाती ठोकून भरा, वरून चिखल लिंपू नका. स्वच्छ पाणी पाझरत असेल तर तेवढी घाई नाही, पण नजर ठेवा.

उघाडीबद्दल लोक कमी बोलतात आणि नुकसान तिच्यामुळे जास्त होते. झडप वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून तिला दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडते. माणूस लागत नाही. मात्र एक ओंडका किंवा बाटल्यांचा गठ्ठा झडपेत अडकला की रोजच्या दोन्ही भरत्यांना खारे पाणी आत येत राहते आणि आठवडाभर कोणाला पत्ता लागत नाही, कारण बांध तर शाबूत दिसतो. कधी कोणी माशांसाठी झडप मुद्दाम उचलून उघाडीच्या तोंडाशी जाळे लावतो. यावर गावाने ठराव करून एक माणूस नेमणे आणि त्याला वर्षाची काही रक्कम देणे, एवढाच उपाय चालतो. बिजागरी गंजली, बाहेरच्या बाजूला गाळ चढून झडप अर्धीच उघडते, झडपेखालची फरशी खरवडली, हे तिन्ही मार्चमध्ये ओहोटीला उतरून तपासा. आणि उघाडीपर्यंत आतून येणारा नाला मोकळा हवा. रस्त्यांच्या आणि कारखान्यांच्या भरावांनी अनेक ठिकाणी उपखाड्यांचे फाटे बुजले आहेत. तिथे बांध कितीही चांगला केला तरी पावसाचे पाणी आत कोंडते.

आता मिठाचा हिशेब. एक एकरावर एक फूट समुद्राचे पाणी उभे राहिले तर ते साधारण बाराशे घनमीटर होते, आणि लिटरला ३५ ग्रॅम धरले तर त्यात सुमारे ४२ टन मीठ असते. पावसाळ्यात खाडीचे पाणी नदीने पातळ केलेले असल्याने आकडा बराच खाली येतो. पण नुकसान ठरते ते किती आले यापेक्षा किती सुकले यावर. आलेले पाणी ओहोटीला परत गेले तर मीठही बरेचसे त्याच्याबरोबर जाते. खांड तशीच राहून उन्हाळाभर उधाणाचे पाणी येत आणि सुकत राहिले, तर मातीवर पांढरा थर धरतो. तुमचे पाणी ऑगस्टमध्ये आले. नंतर सप्टेंबरचा पाऊस झाला असेल आणि पाणी उघाडीतून निघाले असेल, तर अवस्था वाटते तितकी वाईट नाही. दिवाळीनंतरही खांड उघडी होती की बुजली होती, हे मात्र नीट विचारून घ्या.

मे महिन्यात एकरी पाच-सहा ठिकाणचे नमुने घ्या, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे वेगळे. अहवालात विद्युत वाहकता (मीठ जास्त तितकी ती जास्त) डेसीसायमन प्रति मीटरमध्ये येते. ती संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या) आहे की १:२.५ पाण्याच्या अर्काची, हे प्रयोगशाळेला विचारा. दुसरा आकडा नेहमी लहान दिसतो आणि लोक उगाच निश्चिंत होतात. संपृक्त अर्काची वाहकता ३ पर्यंत असेल तर साध्या भाताला धक्का नाही. त्यापुढे दर एककाला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. मेमधला आकडा पाहून घाबरू नका, उन्हाळ्यात मीठ वर चढलेलेच असते. निर्णयाचा आकडा जुलैच्या मध्याचा.

मीठ धुवायला पाणी आपल्याकडे भरपूर आहे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पेणकडे त्याहून जास्त. ढोबळ नियम असा की जितक्या जाडीची माती धुवायची, तितक्याच उंचीचे पाणी तिच्यातून आरपार गेले तर सुमारे ऐंशी टक्के मीठ निघते. अडचण आरपार जाण्याची आहे. ही चिकणमाती पाणी खाली सोडत नाही, म्हणून वरच्यावर धुणे हाच मार्ग. जूनचे पहिले दोन जोरदार पाऊस अडवू नका, वरचा खार घेऊन जाऊ द्या. मग शेताचे बांध बंद करून दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी तीन-चार दिवस उभे ठेवा, ओहोटीच्या वेळी सोडा, पुन्हा भरू द्या. तीन-चार वेळा असे झाले की वरची सहा इंच माती भातापुरती गोडी होते. हे सगळ्या शेजाऱ्यांनी एका वेळी केले तरच जमते, नाहीतर वरच्याचे खारे पाणी खालच्याच्या रोपात उतरते. जिप्सम टाकायला सांगणारे भेटतील. मातीचा सामू आणि सोडियमचे प्रमाण तपासल्याशिवाय ऐकू नका. जमीन नुसती खारी असेल तर ते पैसे चिखलात.

बियाणे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या वाणांचे घ्या: पनवेल १, २ किंवा ३. जुन्यापैकी राता आणि मुणगा अजून काही घरांत टिकून आहेत. उतारा कमी, पण वाईट वर्षी हाती काहीतरी देतात. रोपवाटिका उंच, गोड्या जागी करा. भात दोन वेळा मिठाला नाजूक असते: लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोरा. म्हणून लावणी जुलैच्या मध्यापर्यंत थांबवा, रोप २५ ते ३० दिवसांचे घ्या आणि चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) चार-पाच काड्या ठेवा. दोन मेल्या तरी चूड उभा राहतो. युरिया फोकला तर बराचसा उडून आणि वाहून जातो. त्याच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोचा. सप्टेंबर अखेर पाऊस लवकर आटोपला तर शेतातले पाणी सोडू नका, कारण फुलोऱ्यात माती सुकायला लागली की खालचे मीठ लगेच वर येते.

इतके करून एकरी आठ-दहा क्विंटल भात अपेक्षित धरा. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे नऊ क्विंटलचे साधारण २१ हजार, आणि त्यातून लावणी-कापणीची मजुरी जाते. या पैशात बांध राखता येत नाही, आणि खारेपाटाचे दुखणे नेमके हे आहे. दुसरे पीक घ्यावे तर गोडे पाणी नाही. हेटवणे धरण जवळ असूनही त्याचे पाणी मोठ्या प्रमाणावर नवी मुंबईकडे जाते. लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सेझविषयी (विशेष आर्थिक क्षेत्राविषयी) मतदान झाले, त्यामागेही या सिंचनाचाच मुद्दा होता. विहीर किंवा बोअर खारेपाटात मारू नका. अष्टागरात वाळूखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते मिळते. आणि तिथेही उपसा वाढला की त्याच पटीत खारे वर येते. खारेपाटातल्या चिकणमातीत तो साठाच नाही.

जिताडा. खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवणे जुनेच. पावसाळ्यात शेतात शिरलेली पिल्ले धरून सोडत. मासा खाऱ्यात, गोड्यात, मचूळ पाण्यात कुठेही जगतो आणि नीट खाद्य मिळाले तर वर्षात किलोच्या आसपास जातो. अडचण त्याच्या भुकेची. स्वतःच्या निम्म्याहून मोठे भावंडही तो गिळतो. बोटाएवढे बी सोडून विसरलात तर हजारातले थोडे हाती लागतात. पहिले दोन-तीन महिने जाळीच्या कप्प्यात ठेवून दर आठवड्या-दहा दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळे करा, तीन-चार इंच आणि एकसारखे झाले की तलावात सोडा, आणि त्याआधीच तलावात तिलापिया वाढू द्या, म्हणजे खाद्य आतच तयार होते. खोली दीड ते दोन मीटर, दोन टोकांना जाळीबंद पाण्याची वाट. मासे पहाटे तोंड वर काढू लागले की प्राणवायू संपतो आहे. ताबडतोब पाणी बदला. मचूळ पाण्यातल्या संवर्धनाला तटवर्ती जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते, जिल्हा मत्स्य कार्यालयातून अर्ज होतो. तीन एकर सगळे खणू नका; अर्ध्या-पाऊण एकरात तलाव, निघालेल्या मातीने त्याचा बांध उंच, बाकी भात. आणि बाहेरकाठा कच्चा असताना तलाव करणे म्हणजे एका उधाणात सगळे जिताडे खाडीला परत देणे.

पडीक ठेवण्यातला धोका विक्रीच्या आधी समजून घ्या. खांड दोन-तीन वर्षे उघडी राहिली की तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपे धरतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधाशीच थांबते. पण खारे पाणी आत शिरून बांधामागे कांदळवन उगवले तर तेवढे क्षेत्र सर्वांत कडक वर्गात जाते, मग ते कितीही लहान असो. खाजगी जमीन आहे म्हणून तोडता येत नाही. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. बांधाच्या बाहेरचे तिवर मात्र जपाच. लाटेचा जोर तेच मोडतात, आणि ज्या बांधापुढे तिवरांची पट्टी आहे तिथे खांडी कमी पडतात.

म्हणून यंदा पीक कमी आले तरी ई-पीक पाहणी चुकवू नका. गेल्या ऑगस्टच्या नुकसानीचा पंचनामा झाला नसेल तर ग्राम महसूल अधिकारी, कृषी कार्यालय आणि खारभूमी विभाग यांना दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि तारखेसह छायाचित्रे एकत्र ठेवा. जमीन शेतीची होती आणि खारे पाणी तुमच्या निष्काळजीपणाने आले नाही, हे उद्या यावरूनच दाखवता येते.

गिऱ्हाइकाला उत्तर देण्याआधी फेरफार काढून जमीन कुळकायद्याने आली आहे का पाहा. तशी असेल तर त्या कायद्याच्या कलम ४३ ची विक्रीवरची बंधने लागतात. विक्री प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीसपट नजराणा भरून ती सुटतात, आणि ते काम तुम्ही आधीच केलेत तर दलालाच्या हातातला घासाघिशीचा एक मुद्दा जातो. दुसरे, किनारा व्यवस्थापन आराखड्यात तुमचा गट क्रमांक कोणत्या वर्गात आहे ते पाहा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून या भागात मोघम विचारणा करणारे वाढले आहेत. फुटक्या बांधामागची जमीन हे लोक फुटक्या भावातच मागतात आणि स्वतः बांध दुरुस्त करून घेण्याची ताकद त्यांच्याकडे असते. विकायचीच असेल तर खांड बुजवून एक पीक काढून मग विका.

जुलैच्या मध्याचा वाहकतेचा आकडा सहाच्या वर आला तर यंदा लावणी करू नका, बियाणे आणि मजुरी दोन्ही जातील. पाणी भरणे आणि सोडणे मात्र सप्टेंबर अखेरपर्यंत चालू ठेवा, आणि तिवराचे पहिले रोप दिसण्याआधी खांड बंद असू द्या.